डब्यात जाणारी भाजी आधी बशीत वाढा

एका वाचक बाईंचं पत्र आलंय, त्यातला प्रश्न थोडक्यात असा. घरात पाच माणसं. नवरा-बायको दोघं नोकरीला, आठच्या ठोक्याला घराबाहेर. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, सासूबाई सत्तरीच्या. साडेसहाला चार डब्यांची पोळी-भाजी होते आणि त्याच वेळी नाश्ताही. नाश्त्याला आलटून पालटून पोहे, उपमा, इडली, साबुदाण्याची खिचडी, घाई असली की ब्रेड. नवऱ्याचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या न देता ‘सकाळी भाज्या वाढवा’ एवढंच सांगून पाठवलं. मग पोह्यांत मटार-गाजर सुरू झालं. मुलगा मटार वेचून बशीच्या कडेला लावतो आणि सासूबाई विचारतात, हे पोहे की पुलाव? बाईंची स्वतःची थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून कुणीतरी कोबी-फ्लॉवर बंद करायला सांगितलंय. आणि जाता जाता एक: सकाळी दुधीचा रस सुरू करू का?

बावीस वर्षं आहारसल्ल्याचं काम करतेय आणि यातला प्रत्येक प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. साडेसहाला चार डब्यांची भाजी होते. म्हणजे एका शेगडीवर फरसबी परतली जातेय, शेजारच्या शेगडीवर पोह्यांची फोडणी. भाजी घरात आहे, चिरलेली आहे, शिजलेली आहे आणि ती डब्यात बसून घराबाहेर चालली आहे. तुम्ही मात्र नाश्त्यात भाजी कुठून आणायची या काळजीत! मी बहुतेक घरांत इथूनच सुरुवात करते. डब्यासाठी अर्धा किलो भाजी घेत असाल तर किलोभर घ्या, चार पोळ्या जास्त लाटा आणि आठवड्यातले निदान तीन दिवस नाश्ता पोळी-भाजीचाच करा. पोहे भिजवणं नाही, रवा भाजणं नाही, एक कढई कमी घासायची.

यावर लगेच जे ऐकू येतं ते मला पाठ आहे. ‘अहो, ते जेवण झालं, नाश्ता कुठे?’ ही अडचण पोटाची नाही, डोक्यातली आहे. शेतावर जाणाऱ्या माणसाची न्याहारी म्हणजे रात्रीचं कोरड्यास, भाकरी, कांदा आणि ठेचा. माझं माहेर मडगावचं. तिथे आजही सकाळी हॉटेलात बसलेला माणूस भाजी-पावच मागवतो. पातळ भाजी, सुकी भाजी, नाहीतर दोन्ही एकत्र करून मिक्स, आणि सोबत पाव. त्या भाजीत बटाटा आणि वाटाणे जरा जास्तच असतात हे कबूल, पण सकाळी सात वाजता भाजी खाणं त्या गावाला विचित्र वाटत नाही.

एक खरी अडचण आहे. सकाळी तीच भाजी आणि दुपारी डब्यात पुन्हा तीच, मुलं तोंड वाकडं करणार. त्यासाठी भाजी वाफवून झाली की निम्मी बाजूला काढा. डब्याच्या निम्मीत गोडा मसाला, गूळ, दाण्याचं कूट. नाश्त्याच्या निम्मीत फक्त ओलं खोबरं आणि लिंबू. चव इतकी बदलते की माझ्या एका पेशंटच्या सासऱ्यांना महिनाभर पत्ताच नव्हता. सकाळच्या कामाला कोबी, फरसबी, पडवळ, दोडका, भेंडी, पीठ पेरलेली सिमला मिरची या भाज्या बऱ्या, पंधरा-वीस मिनिटांत होतात. गवार आणि सुरण यांच्या वाटेला सकाळी जाऊ नका.

आता पोह्यांतल्या मटारकडे वळू. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीची कित्येक वर्षं मी आहारतक्त्यात ‘भाज्या घालून उपमा’ असं लिहून मोकळी व्हायचे. पुढे काही जणांना म्हटलं, आठवडाभर जरा वजन करा, तुमच्या बशीत कच्ची भाजी किती येते ते बघू. पोस्टाच्या तिकिटाएवढं गाजर आणि मोजून नऊ मटार! वीस ग्रॅम, फार तर पंचवीस. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० कॅलरीच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत, कच्च्या वजनाने, आणि फळं वेगळी. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम सांगते, पण त्यात बटाटा धरत नाही. म्हणजे कांदा-बटाटा पोह्यांतला बटाटा भाजीच्या खात्यात लिहायचा नाही, तो पोह्यांच्याच खात्यात जातो.

आपल्याकडे दुपारी एक वाटी भाजी, रात्री एक वाटी, थोडी कोशिंबीर, असा हिशेब केला तर गाडी अडीचशे-पावणेतीनशेवर थांबते. राहिलेले सव्वाशे-दीडशे ग्रॅम सकाळी बसवायचे. रोज वजन करत बसू नका, पण वाटी फसवते हे लक्षात ठेवा. आपली नेहमीची आमटीची वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची. तीत किसलेला दुधी दाबून शंभर ग्रॅम मावतो, उभा चिरलेला कोबी पन्नासेक, आणि चिरलेली मेथी जेमतेम पंचवीस-तीस. म्हणून ‘एक वाटी मेथी घातली’ यावर मी खूश होत नाही. मेथी असेल तर आख्खी जुडी लागते.

पोह्यांत भाजी ‘घालायची’ नसते, पोहे कमी करायचे असतात. पाच जणांना तुम्ही पाच वाट्या पोहे भिजवत असाल तर तीनच भिजवा आणि भाजी पाच वाट्या घ्या: कोबी, फरसबी, गाजर, मटार, थोडी सिमला मिरची. एवढी भाजी घातली की पोह्यांचा लगदा होतो ही तक्रार येते. दोष भाजीचा नसतो, पाण्याचा असतो. फोडणीत आधी फरसबी-गाजर-मटार टाका, त्यांच्यापुरतं मीठ घाला, ताटलीत पाणी घेऊन ती कढईवर झाका आणि पाच-सहा मिनिटं वाफ येऊ द्या. कोबी आणि मिरची शेवटची दोन मिनिटं. मग झाकण काढून आच मोठी करा आणि कढईतलं पाणी आटेपर्यंत परता, तळाशी चर्र आवाज आला पाहिजे. पोहे चाळणीत नेहमीपेक्षा कमी भिजवा, कारण उरलेला ओलावा भाजी देते. पोह्यांचं मीठ, साखर, हळद पोह्यांनाच चोळून ठेवा. सगळं मीठ कढईत टाकलं की भाजी खारट आणि पोहे अळणी. वरून लिंबू पिळायला विसरू नका, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने धान्या-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र तासभर उशिरा, तो नेमकं उलटं करतो. हे वाक्य ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो याची मला सवय आहे.

सासूबाईंच्या बाजूनेही बोलते. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, हे कांदेपोहे नव्हेत. याला वेगळंच नाव द्या आणि रविवारी त्यांच्या हातचे कांदेपोहे होऊ द्या, खोबरं-कोथिंबीर पेरलेले, त्यात मटाराचा दाणासुद्धा नको. शेजारी काकडी-टोमॅटोची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर ठेवली की झालं. मोडून-तोडून चवीचा खून करण्यापेक्षा हे बरं. साबुदाण्याच्या खिचडीचंही तसंच, ती सुधारण्याच्या भानगडीत मी पडत नाही. महिन्यातून दोनदा खा आणि मजेत खा.

माझा सगळ्यात जास्त भरवसा थालीपिठावर आहे, कारण त्यात भाजी लपते म्हणून नव्हे, तर त्याचं पीठ भाजीच्याच पाण्यात भिजतं. त्यामुळे सवयीने केलं तर मूठभर भाजी आणि नीट केलं तर पाव किलो, असा फरक त्यात पडतो. दुधीचं सांगते. दोन माणसांपुरतं, चार थालीपिठं. मध्यम दुधीचा तुकडा सालासकट किसा, दोन वाट्या दाबून. त्यात बारीक चिरलेला एक कांदा, मूठभर कोथिंबीर, ओवा हातावर चोळून, तीळ, हळद, तिखट आणि सगळं मीठ. दहा मिनिटं बाजूला ठेवा. तोवर डबे भरून होतात. परत येऊन बघाल तर परातीत तळाला पाणी जमलेलं असेल. बऱ्याच जणी इथे दुधी पिळून ते पाणी बेसिनमध्ये ओततात आणि नंतर नळाचं पाणी घालून पीठ मळतात. असं करू नका. त्याच पाण्यात भाजणी थोडी थोडी मिसळत जा, बाहेरचा थेंबही न घालता. साधारण दीड वाटी भाजणी लागते, दुधी कोवळा असेल तर जराशी जास्त. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि बोटांना किंचित चिकटणारा हवा.

आणि मळल्यावर थांबायचं नाही. मीठ आपलं काम चालूच ठेवतं, वीस मिनिटांनी तोच गोळा पातळ होतो आणि आपण वर पीठ पेरत बसतो. प्रत्येक मूठ पिठाने भाजीचं प्रमाण उतरतं. ओल्या फडक्यावर थापा, मधोमध आणि बाजूने भोकं पाडा, भोकांत तेल सोडा, झाकण ठेवून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. उलटल्यावर झाकण नको. एक थालीपीठ पुरत नाही आणि तीन जास्त होतात, दोन आणि वाटीभर दही हा हिशेब ठेवा. माणशी शंभर ग्रॅम दुधी पोटात गेला, कांदा-कोथिंबीर वेगळी.

दुधीऐवजी लाल भोपळा, काकडी, कोबी, मुळा पाल्यासकट, काहीही चालतं. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरलेली येते तेव्हा मी भोपळा-दुधी-दोडक्यावर राहते. कोवळा टाकळा मिळाला तर मात्र सोडत नाही, त्याचं थालीपीठ वर्षातून दोनदा तरी झालंच पाहिजे. दारात शेवगा असेल तर त्याचा पाला ओरबाडून भाजणीत घाला. कॅल्शियमच्या बाबतीत पालकापेक्षा तो कितीतरी उजवा, कारण पालकातलं कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या द्रव्यात अडकून पडतं. भाजणी संपली असेल तर ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन. मूग भिजवून वाटलेल्या धिरड्यालाही हाच नियम लागू, फक्त तिथे भाजी पिठात न कालवता तव्यावर ओतलेल्या धिरड्यावर पसरून दाबायची, म्हणजे धिरडं मोडत नाही.

इडलीत पालक घालू नका. मी एकदा घातला होता, कुकरमधून सोळा हिरवे दगड निघाले. इडली पांढरीच असू द्या, भाजी सांबारात घाला. आपल्याकडचं सांबार म्हणजे शेवग्याच्या शेंगेचे दोन तुकडे पोहत असलेली आमटी. पाच माणसांच्या सांबारात पाऊण किलो भोपळा-वांगं-दुधी-शेंग पडली पाहिजे, इतकी की डाव उभा राहावा. उपम्याचं गणित पोह्यांसारखंच, रवा तीन वाट्यांऐवजी दीड, आणि भाज्या फोडणीत परतून मग त्याच कढईत पाणी उकळायचं. ब्रेडच्या दिवशी भुर्जी: माणशी एक अंडं असेल तर कांदा-टोमॅटो-सिमला मिरची वाटीभर. भुर्जीवाल्यांकडे अंडं जास्त आणि कांदा नावाला असतो, घरी उलटं करा.

मुलाचं आता. मटार वेचणारं मूल सहसा भाजीवर चिडलेलं नसतं. पोह्यांच्या मऊ घासात अचानक काहीतरी टुणकन दाताखाली येतं, त्यावर ते चिडलेलं असतं. हे तपासायला सोपं आहे. त्याला मटार वेगळे, वाटीत, मीठ-जिऱ्यात परतून द्या. माझ्याकडे आलेली निम्मी मुलं ते शेंगदाण्यासारखे खातात. किसून, वाटून भाजी लपवणं थालीपिठापुरतं ठीक, पण सगळंच लपवलं तर पोर मोठं होईल आणि मेसमध्ये भेंडी बघून दचकेल. म्हणून जोडीला एक उघडी भाजी असू द्या: बूट घालताना हातात गाजराची किंवा काकडीची लांब फोड. काही बोलायचं नाही. ‘खा, डोळे चांगले होतात’ हे वाक्य घरातून हद्दपार करा, ते ऐकून कुणी गाजर खाल्लेलं मला माहीत नाही. (गाजरातला कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते, तेव्हा पराठ्याबरोबर किंवा तुपावर परतून दिलेलं गाजर अधिक कामाचं. पण नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगू नका.)

हे सगळं सकाळी जमायचं असेल तर निम्मं काम रात्री झालं पाहिजे, आणि इथेच बहुतेकांचा उत्साह पंधरा दिवसांत मावळतो. तेव्हा रात्री काय करायचं आणि काय नाही हे नेमकं ठरवा. फरसबी, गाजर, कोबी चिरून घट्ट डब्यात फ्रीजमध्ये टिकतात. चिरल्याने क जीवनसत्त्व थोडं उडतं, पण न खाल्लेल्या भाजीपेक्षा ते परवडलं. मटार रविवारी टीव्हीसमोर सोलून होतात, आणि हे काम घरातल्या पुरुषांना फार छान जमतं. मेथी-पालक निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा, धुवायचं सकाळी. दुधी आणि काकडी रात्री किसू नका, काळं पाणी हाती लागतं. कांदा रात्री चिरला तर फ्रीजभर वास, म्हणून तो सकाळीच. रात्रीची भाजी उरवून सकाळी वापरणार असाल तर जेवणं झाली की लगेच फ्रीजमध्ये, ओट्यावर रात्रभर नाही, आणि सकाळी वाफ निघेपर्यंत गरम.

तुमच्या यजमानांबद्दल. ६.१ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा, ५.७ ते ६.४ मधला. इथे भाजीचं काम दुहेरी आहे: तंतू, म्हणजे फायबर, मिळतात आणि बशीतले पोहे-रवा कमी होतात. दुसरं काम जास्त मोलाचं. पोहे तेवढेच आणि वर भाजी, असं केलंत तर पोट भरेल पण साखर फारशी हलणार नाही. आणखी एक साधी गोष्ट करून बघायला सांगा. आधी भाजी किंवा कोशिंबीर अर्धीअधिक संपवायची, मग पोळीला हात लावायचा. या क्रमाने खाल्लं की जेवणानंतरची साखर कमी उसळते. घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस नेहमीचे पोहे आणि एक दिवस भाजी-पोळी, दोन्हींनंतर दोन तासांनी बोट टोचून आकडे लिहून ठेवा. माझ्या बोलण्यापेक्षा त्या दोन आकड्यांचा परिणाम जास्त होतो. त्यांना गोळ्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असेल तर पोळ्या-पोहे निम्मे करण्याआधी डॉक्टरांना कळवा, नाहीतर अकरा वाजता चक्कर येईल.

सासूबाईंना वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे का ते बघा. असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, पण एकदम वाढवायचीही नसते. रोज साधारण सारखी ठेवायची, कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध ओढतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी या लेखातलं काहीच परस्पर करू नये, त्यांच्या भाज्या पोटॅशियम बघून ठरतात.

तुमचा कोबी-फ्लॉवर तुम्हाला परत मिळाला असं समजा. शिजवलेला कोबी, घरात होतो त्या प्रमाणात, थायरॉईडची गोळी घेणाऱ्याला चालतो. कच्च्या कोबीचे पेले भरभरून रस पिणारी माणसं वेगळी. तुम्ही सांभाळायचं ते गोळीचं वेळापत्रक: उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, काही नाही. चहासुद्धा नाही. उठल्या उठल्या गोळी घेतली की डबे होईपर्यंत तेवढा वेळ जातोच.

दुधीचा रस मात्र नको. रसात तंतू गाळले जातात, म्हणजे ज्यासाठी भाजी खायची तेच चोथ्याबरोबर कचऱ्यात. आणि दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. क्वचित एखादा दुधी कडू निघतो. त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि ती शिजवूनही जात नाहीत. भाजी कडू लागली तर माणूस पहिल्याच घासाला थांबतो. रस मात्र ‘औषध कडूच असतं’ म्हणत नाक दाबून आख्खा पेला पितो. असा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. थालीपिठासाठी दुधी चिराल तेव्हाही देठाकडची एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, चूळ भरा आणि तो दुधी सोलून-धुऊन वाचवायला जाऊ नका. त्या दिवशी भाजणीत कोबी किसा.